कंपनीला आधी कळलं

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असा आमच्या करावे गावात माझा लौकिक आहे. तो मी कष्टाने कमावलेला आहे. कुणाच्या घरी सोयरिकीचं बोलणं चाललंय, कुणाच्या मुलाने भावाला न विचारता बिल्डरला सही दिली, कुणाची सून रुसून माहेरी बसलीय, हे सगळं माझ्या ओट्यावरून पुढे जातं आणि जाताना थोडं तिखटमीठ लावून जातं. म्हणून गेल्या वर्षी माझ्या नातीने मला स्वयंपाकघरात गाठलं, दार लोटलं आणि "आजी, एक सांगते, पण कुणाला बोलायचं नाही" म्हणाली, तेव्हा मी तिला म्हटलं, "मरेपर्यंत नाही बोलणार. तसेही फार दिवस नाहीत."

"मरेपर्यंत नको गं. तिसरा महिना सरेपर्यंत."

मग मला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मी गॅस बंद केला आणि तिला जवळ घेतलं.

ही माझ्या मुलीची मुलगी. इंजिनीयर आहे, ऐरोलीला एका मोठ्या कंपनीत काम करते. नवरा बोटीवर असतो, सहा महिने समुद्रात. आई-बाप अलिबागला. म्हणून ती माझ्या घरात, वरच्या मजल्यावर राहते आणि खाली येऊन जेवते. तिसरा महिना सरल्याशिवाय बातमी फोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. बायका म्हणतात, दृष्ट लागते. दृष्टबिष्ट मी फारशी मानत नाही, पण रीत मानते, कारण तिच्यात शहाणपण आहे. सुरुवातीला काही बिघडलंच तर बाईला आपल्या घरात, आपल्या पांघरुणात रडता यावं, अख्ख्या आळीला तोंड द्यावं लागू नये. मागच्या वेळी नातीचं तसंच झालं होतं. सगळ्यांना सांगून झालं होतं आणि मग ते राहिलं नाही. त्यानंतर जी येईल ती "होईल गं परत, रडू नको" म्हणत तिच्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. या वेळी तिला ते नको होतं. या वेळी तिने, तिच्या नवऱ्याने, तिच्या आईने आणि मी, एवढ्यांनीच ते जपायचं ठरलं.

आणि मी जपलं. हे इथे ठळक अक्षरांत लिहायला हवं. माझी थोरली जाऊ एकदा ओट्यावर बसून मला खोदायला लागली. "काय गो, तुज्या नातीला बांगड्याचा वास सोसत नाय जनू?"

"ऑफिसमध्ये सगळे शाकाहारी आहेत. त्यांची संगत लागली."

"आगरी पोरीला संगत लागली? बांगड्याची? कोनाला सांगतेस?"

"तुला सांगतेय. पटत नसेल तर चहा पी आणि जा."

ती चहा प्यायली आणि गेली. मला एवढी घुसमट झाली की मी आत जाऊन मिठाच्या बरणीला सांगून आले.

आता नातीचं काम काय, ते सांगते, कारण त्यावाचून माझा संताप कुणाला कळायचा नाही. तिने मला ते सोपं करून सांगितलं होतं. दवाखान्यांकडे लोकांची माहिती असते. औषधं शोधणाऱ्यांना ती लागते. पण ती देताना माहिती कुणाची आहे हे कळता कामा नये. "नाव पुसणं सोपं असतं आजी," ती म्हणाली. "पण नाव पुसलं तरी वय राहतं, गाव राहतं, कधी दवाखान्यात आली, किती मुलं, कुठला आजार, हे राहतं. त्यावरून माणूस ओळखता येतो."

मी म्हटलं, "त्यात काय. आमच्या वेळी खाडीच्या बांधावरून लांबून बाई यायची. तोंड दिसायचं नाही, पण चालीवरून आम्ही सांगायचो, अमकीची सून आली म्हणून."

ती एकदम ताठ बसली. "बरोब्बर. मला ती चाल पुसायचीय. माणूस तसाच राहिला पाहिजे, पण चाल ओळखू येता कामा नये."

त्यावर ती दोन वर्षं डोकं फोडत होती. भिंतीवर पांढरा फळा लावला होता, त्यावर बाण आणि चौकोन. जेवताना मध्येच उठून वर पळायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हुशार माणूस कामात बुडालेला कसा दिसतो हे मला कळतं. मी ओट्यावर बसून तिच्या फुशारक्या मारायचे. कंपनीने तिला त्या कामाची प्रमुख केलं, तेव्हा मी गावकीत पेढे वाटले आणि कसले पेढे हे कुणालाच समजावून सांगू शकले नाही.

त्याच कंपनीने सगळ्यांना एक घड्याळ भेट दिलं होतं. मनगटावर बांधायचं. किती चाललात, किती झोपलात, काळीज किती वेगाने धडधडतंय, सगळं सांगणारं. चालण्याची स्पर्धासुद्धा असायची. नातीला बसून काम, तिची पावलं कशी व्हायची? तर पहाटे ते घड्याळ मी बांधायचे आणि जेट्टीपर्यंत चालून यायचे, वाटेत सगळ्यांना दाखवत. तिची टीम तेव्हा दुसरी आली. बक्षीस म्हणून पाण्याची बाटली मिळाली, ती मी ठेवून घेतली. मला ती कंपनी फार आवडायची. लोकांच्या पायांची एवढी काळजी कोण करतं?

मग ती दुपार आली. नात घरून काम करत होती, खालीच, जेवणाच्या टेबलावर. मी जमिनीवर बसून सुपात जवळा निवडत होते. तिचा मॅनेजर पडद्यावर होता. मूळचा पुण्याचा आहे, गोड बोलतो. इकडचं तिकडचं झालं आणि मग तो म्हणाला, "बघ, पुढचे काही महिने तू जरा लाइट घे. फॅमिली फर्स्ट. आपल्या टीमचं कल्चरच ते आहे. तुझा प्रोजेक्ट सध्या मी दुसऱ्याकडे देतोय. तू फक्त रिपोर्ट्स बघ. कसलं टेन्शन घेऊ नकोस."

नात हळूच म्हणाली, "असं का?"

"अगं, कळतं आम्हाला. काळजी घे."

पडदा बंद झाला. जवळ्यातला कचरा माझ्या बोटात तसाच राहिला. नात माझ्याकडे वळली.

"आजी, तू कुणाला बोललीस?"

"मी?"

"त्याची बायको सीवूड्सला असते. तू रोज तिथल्या बागेत जाऊन बसतेस."

"मी तिथे माझ्या गुडघ्यांबद्दल बोलते."

"आजी, खरं सांग. मी ओरडणार नाही."

"ओरड की. मी नाही बोलले कुणाला."

"मग त्याला कसं कळलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड शिवून बसले होते आणि पहिल्यांदाच माझ्यावर खोटा आळ आला होता. त्या रागात मी तिच्या ताटात भाकरी आदळली. तिने ती खाल्ली नाही. ती वर निघून गेली आणि मी खाली बसून आठवायला लागले, खरंच कुठे बोलून गेले की काय. म्हातारपणी असं होतं, दुसऱ्याने आळ घेतला की आपणच आपली उलटतपासणी घेतो. जावेला काय म्हटलं, बागेत काय म्हटलं, भाजीवालीकडे चिंच मागताना चेहरा कसा होता. मिठाच्या बरणीवरसुद्धा संशय आला.

मग एका सकाळी नात खाली आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मनगटावरचं घड्याळ सोडून माझ्या सुपात टाकलं.

"तू नव्हतीस आजी. हे होतं."

रात्री झोपताना ती ते बांधायची, झोप मोजायला. आणि त्या घड्याळाचं फोनवर जे काही असतं, त्यात पाळीच्या तारखाही टाकायची, कारण ते म्हणालं होतं, तारखा दिल्यात तर झोपेचा सल्ला नीट देता येईल. दोन महिने तारीख पडली नाही. काळजाचे ठोके थोडे वाढले. झोप बदलली. मशीनला आणखी काय लागतं? आमच्या जावेला तर नुसता बांगडा पुरला.

"पण मशीनला कळलं तर मॅनेजरला कसं कळलं?"

"मी एचआरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही कुणालाही तुमची वैयक्तिक माहिती दिलेली नाही. मॅनेजरकडे फक्त सूचना गेली की या व्यक्तीचा कामाचा भार पुढचे सात-आठ महिने कमी ठेवावा. ती घड्याळाच्या यंत्रणेतून आपोआप जाते."

"सात-आठ महिने?"

"हं."

"बाईचं नाव आणि सात-आठ महिने, एवढं सांगितल्यावर आणखी काय सांगायचं राहिलं? डोहाळे?"

ती हसली नाही. म्हणाली, "मीसुद्धा हेच काम करते आजी. लोकांची चाल पुसायचं. आणि मला आधी तुझा संशय आला."

मग सुपातल्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "मागच्या वेळी, ते झाल्यावर, याने मला मेसेज पाठवला होता. मन खचलेलं असताना शांत झोप कशी घ्यावी. मला वाटलं होतं, किती योगायोग."

ज्या दिवसांत आम्ही तिच्या खोलीचं दार लोटून बायकांना परत पाठवत होतो, त्या दिवसांत हे तिच्या मनगटावर बसून तिचं रडणं मोजत होतं.

आपोआप म्हणे. आपोआप दूध उतू जातं, आपोआप केस पिकतात. बाईच्या हातातलं काम आपोआप जात नाही. ते कुणीतरी काढून घेतं, आणि काढून घेताना तोंड गोड ठेवतं. "तुम्ही मान्यता दिली होती" असंही त्या एचआरबाई म्हणाल्या. दिली होती, खरंय. घड्याळ भेट देताना पुढे केलं होतं एक लांबलचक कलम, वाचायला बसलं तर बाळ शाळेत जाईल एवढं, आणि खाली एकच बटण, मान्य. अमान्य म्हणणाऱ्याला घड्याळ नाही, स्पर्धा नाही, आणि टीममध्ये "ही जरा वेगळीच आहे" असं नाव. याला मान्यता म्हणत असतील तर आमच्या लग्नात भटजींनी आम्हाला विचारून अक्षता टाकल्या असं म्हणायला हवं.

मला माझी स्वतःची नोकरी आठवली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी टेलिफोन बोर्डावर बसायचे. गावातली नोकरी करणारी पहिली मुलगी, आणि काय तो तोरा. आमचे सुपरवायझर बाथरूमला जातानासुद्धा हात वर करायला लावत आणि किती वेळ लागला ते बघत. मी मूर्ख त्याला शिस्त म्हणायचे. दिवसभर पाणीच प्यायचे नाही आणि ते अभिमानाने सांगायचे, जणू बोर्ड माझ्या तहानेवर चालतो. वर्षाच्या शेवटी मला उत्कृष्ट ऑपरेटर म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो मी कपाटात काचेमागे ठेवला, डबा आहे की देव अशा थाटात.

दिवस गेले तेव्हा मला भीती होती की बोर्डावरून काढून मला पॅकिंगमध्ये टाकतील. म्हणून मी पदर मोठा घ्यायला लागले. आंबट खायची लाज, म्हणून बाथरूममध्ये जाऊन कैरी खायचे. पाचवा महिना लागला तरी कुणाला कळलं नाही, असा माझा समज. मधल्या काळात सुपरवायझरांनी माझी खुर्ची बोर्डाच्या टोकाला, खिडकीजवळ हलवली आणि पायाखाली एक लाकडी पाट दिला. मला वाटलं, बढती झाली. घरी जाऊन सासूला सांगितलं, "आता मी खिडकीजवळ बसते." सासू नुसती बघत राहिली.

सगळ्यांना कळलं होतं. कॅन्टीनवाल्याला, शेजारच्या दोघींना, त्या खडूस सुपरवायझरांना, सगळ्यांना. माझ्यासारखी गाढवीण फक्त मीच. पण मी तोंड उघडेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही, आणि बोर्ड माझ्याकडेच राहिला. तो माणूस काही देव नव्हता, बाथरूमचा हिशेब त्याने तेव्हाही सोडला नाही. पण दुसऱ्याच्या पोटातली गोष्ट ही त्याची गोष्ट आहे, ती त्याने सांगायची, एवढी लाज त्याला होती. ही लाज शिकायला इंजिनीयर व्हावं लागत नाही. उलट आता वाटतं, तिथे शिकताना ती घासून काढतात की काय.

हे मी नातीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी सोमवारी टीमला सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"की मी प्रेग्नंट आहे."

"अगं, तिसरा अजून सरायचाय."

"माहितीय."

"मग थोडं थांब. रीत आहे."

"आजी, रीत माझ्यासाठी आहे ना? मग मोडायची तर मी मोडीन. त्यांनी का मोडावी?"

मी खूप भांडले. मागच्या वेळची आठवण करून दिली, जी मी काढायला नको होती. ती पांढरी पडली, पण मागे हटली नाही. म्हणाली, "मागच्या वेळी लोक मला बघायला आले, तेव्हा निदान मला माहीत होतं की ते बघतायत."

सोमवारी मी तिच्या शेजारी बसले, पडद्यात दिसणार नाही अशी. चौकोनाचौकोनांत माणसं होती. बोलणं संपत आलं तेव्हा नात म्हणाली, "मला एक सांगायचंय. मी प्रेग्नंट आहे. अजून तीन महिने झालेले नाहीत. माझ्या सासूला मी सांगितलेलं नाही. पण कंपनीच्या घड्याळाने ते ओळखलं आणि माझा प्रोजेक्ट काढून घेतला गेला. ऑफिसमध्ये मी कुणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी जे घड्याळ वापरतात, त्यांना हे माहीत असायला हवं."

मॅनेजर म्हणाला, "अं, हे आपण वेगळं बोलूया." एका मुलीने हात टेबलाखाली नेला आणि तो वर आलाच नाही. बाकी सगळे आपापल्या चौकोनात बसून राहिले, फोटो काढायला बसल्यासारखे. मला वाटलं होतं, कुणीतरी पेटेल. एवढी शिकलेली, एवढी हुशार पोरं, जगातलं कुठलंही कोडं सोडवतील, आणि एकाच्या तोंडून "हे बरोबर नाही" एवढे तीन शब्द निघाले नाहीत. नंतर दोघीतिघींचे फोन आले. तेही कुजबुजत, जणू ते फोनसुद्धा कुणीतरी मोजतंय. असेलही.

दुसऱ्या दिवशी एचआरबाईंचा फोन आला. त्या फारच मृदू होत्या. प्रोजेक्ट परत देऊ म्हणाल्या, प्रमुख म्हणून, रजेवर जाईपर्यंत. फक्त नातीने टीमला दोन ओळी लिहाव्यात, की तिचा काहीतरी गैरसमज झाला होता, आणि घड्याळाचा या निर्णयाशी संबंध नव्हता.

नात माझ्या ओट्यावर येऊन बसली. फळ्यावरचे ते बाण आणि चौकोन तिच्या डोळ्यांत मला दिसत होते. दोन वर्षांचं काम होतं ते. दोन ओळींत परत मिळत होतं.

"आजी, लिहू का?"

खरं सांगायचं तर मला वाटत होतं, लिही. पोरीचं काम पोरीला मिळू दे, शब्दांना काय, वाऱ्यावर जातात. मी पेढे वाटले होते त्या कामाचे. पण मी म्हटलं, "तुझ्या जागी मी असते तर लिहिलं असतं. वर त्यांना थँक्यू म्हटलं असतं, आणि दिलेला डबा कपाटात ठेवला असता. म्हणून तू लिहू नकोस."

तिने लिहिलं नाही. प्रोजेक्ट परत मिळाला नाही.

आता तिचं पोट दिसतं. बाळ चांगलं आहे, रात्री लाथा मारतं. जावेला सगळं कळलंय, आणि माझ्या तोंडून तिला ही बातमी मिळाली नाही याचा राग ती अजून काढते. नात रिपोर्ट बघते. ते काम, ती म्हणते, एखाद्या बारावी शिकलेल्याला देता येईल. तिची कंपनी अजून तिला उत्तम पगार देते आणि तिच्यासारखी हुशार माणसं मिळत नाहीत म्हणून जाहिराती करते.

मागच्या आठवड्यात तिचा प्रोजेक्ट परदेशातल्या दवाखान्यांपुढे मांडायचा होता. दुसऱ्याने मांडायचा. सकाळी त्या नव्या प्रमुखाचा तिला मेसेज आला. काही बायका अजूनही ओळखू येत होत्या, नाव नसताना, तारखांवरून. त्याला ते निस्तरता येत नव्हतं. नात वर गेली, आणि दुपारच्या जेवणापर्यंत खाली आलीच नाही. मी ताट घेऊन वर गेले तर ती फळ्यापुढे उभी, एक हात कमरेवर, फोनवर त्याला समजावून सांगत होती, ही तारीख अशी हलव, ते वय असं मिसळ, आता बघ. तो पलीकडून "हो, हो, थँक्स" म्हणत होता. मांडणीत तिचं नाव कुठेच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी ताट आपटलं. "कशाला सांगितलंस त्याला? पडू द्यायचं होतं तोंडावर."

"त्यात बायका होत्या आजी."

"असतील. तुझ्यासाठी कोण आलं?"

ती खुर्चीत बसली, पाय सुजले होते ते वर घेतले आणि ताट पुढे ओढलं. "म्हणून काय त्या ओळखू येऊ द्यायच्या?"

मला हे अजून पटलेलं नाही. मी अजून रागावलेलीच आहे, तिच्यावरही थोडी. पण भाजीत मीठ कमी आहे असं ती म्हणाली, म्हणून मी मीठ आणायला खाली गेले.